डिसेंबरमध्ये लग्न केलं आणि जानेवारीत भरलेले रॉथचे ७,००० डॉलर जादा ठरले. दंड कसा टाळू?

जर्सीतला_साताऱ्याचा
१९ ऑगस्ट २०२५

मंडळी, जरा लांबडं आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट येईल, म्हणून सगळंच लिहितो.

मी सहा वर्षं न्यू जर्सीत आहे, एच-१ व्हिसावर. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रॉथ आयआरएचे (टॅक्स भरलेले पैसे टाकायचं इथलं निवृत्ती खातं) पैसे एकरकमी भरायचे आणि वर्षभर त्या खात्याकडे बघायचं नाही, अशी माझी सवय. २०२४ चे ७,००० डॉलर २ जानेवारी २०२४ लाच भरले. त्या वर्षी डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला) पहिल्या रकान्यात १,३२,००० आले. २०२४ साठी अविवाहितांची रॉथमध्ये भरायची मर्यादा १,४६,००० च्या उत्पन्नापासून आवळायला लागायची, म्हणजे मी आरामात आत होतो.

८ डिसेंबर २०२४ ला माझं लग्न झालं, साताऱ्यात. २८ तारखेला मी परत आलो. बायको फेब्रुवारीत एच-४ वर आली. मार्चमध्ये टॅक्स भरताना ज्यांच्याकडून रिटर्न करून घेतलं ते म्हणाले, बायकोचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटीआयएन (तो नसलेल्यांचा टॅक्स नंबर) नाही, मग मॅरीड फायलिंग सेपरेटली, म्हणजे नवराबायकोचं वेगवेगळं रिटर्न, करून टाकू. मी म्हटलं, टाका. रॉथबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. (रॉथमध्ये भरलेले पैसे १०४० वर, म्हणजे टॅक्स रिटर्नच्या फॉर्मवर, कुठे दाखवावेच लागत नाहीत, त्यामुळे विचारायचं त्यांच्याही डोक्यात आलं नसणार. तरी राग आहेच.)

परवा २०२५ चे पैसे भरायला बसलो. यंदा लग्नाच्या खर्चामुळे जानेवारी हुकला होता. भरण्याआधी सहज मर्यादांचा तक्ता उघडला तर मॅरीड फायलिंग सेपरेटलीच्या ओळीत लिहिलेलं, उत्पन्न १०,००० च्या वर असेल तर शून्य. दहा हजार! मी तीनदा वाचलं, मला वाटलं एक शून्य छापायचं राहिलं.

म्हणजे माझे सातच्या सात हजार जादा भरणा. त्यावर वर्षाला ६ टक्के दंड, आणि पैसे खात्यात राहतील तितकी वर्षं तो लागत राहणार. एका वर्षाचे झाले ४२०. आकडाही काय आलाय बघा.

एप्रिल तर उलटून गेला. आता काही करता येईल का? खात्यात ते ७,००० टाकण्याआधी २१,००० होते, आज ३५,००० आहेत. मधे काही टाकलं नाही, काढलं नाही.

घाईत_असतो

एवढं काय त्यात. रॉथमध्ये आपण भरलेली मुद्दल कधीही काढता येते, टॅक्स नाही, दंड नाही. वेबसाइटवर जा, ७,००० काढ, विषय संपला.

हिशेबनीस_काकू

घाईत, तुमचं नाव सार्थ आहे. असं करू नका हो, प्लीज.

मुद्दल कधीही काढता येते हे बरोबर. पण ते झालं साधं पैसे काढणं. जादा भरणा परत घेणं ही वेगळी गोष्ट, तिचा फॉर्म वेगळा. त्या ७,००० वर खात्यात जी वाढ झाली तीही सोबत बाहेर यावी लागते, तरच तो भरणा 'झालाच नव्हता' असं धरतात. वेबसाइटवरच्या नेहमीच्या बटणाने काढलेत की वाढ मागे राहते, १०९९-आर वर (खात्यातून काढलेल्या पैशांचा दाखला) चुकीचा कोड छापून येतो, आणि मग वर्षभर फोन करत बसा. ब्रोकरला फोन करून 'रिटर्न ऑफ एक्सेस काँट्रिब्युशन' हेच शब्द वापरायचे आणि वर्ष २०२४ सांगायचं. वर्ष सांगायला विसरू नका, नाहीतर ते चालू वर्ष धरतात.

साताऱ्याचे, तुमच्यासाठी बरी बातमी अशी की एप्रिल उलटला तरी दार बंद नाही. मूळ रिटर्न वेळेत भरलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत सहा महिने मिळतात, एक्स्टेन्शन (मुदतवाढ) घेतलेलं नसलं तरी. पैसे काढायचे, १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरायचा आणि त्यावर वरच्या बाजूला 'फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२' असं लिहायचं. मग ६ टक्के नाहीत.

वाढीचं गणित तसं सोपं आहे. भरण्याआधीचे २१,००० अधिक तुमचे ७,००० म्हणजे सुरुवात २८,०००. आज ३५,०००. वाढ ७,०००, म्हणजे सुरुवातीच्या पाव. तर तुमच्या ७,००० ची वाढ १,७५०. एकूण ८,७५० बाहेर काढायचे. नेमका आकडा ब्रोकरच काढून देतो, पण आपण आधी काढून ठेवावा. माझ्या वेळी त्यांचा आकडा पहिल्यांदा चुकला होता.

ही १,७५० ची वाढ २०२४ च्या उत्पन्नात धरली जाईल, २०२५ च्या नाही. ज्या वर्षी पैसे भरले त्या वर्षाचं ते उत्पन्न. पूर्वी साडेएकोणसाठ वर्षांच्या आतल्यांना त्या वाढीवर वर आणखी १० टक्के लागायचे. सेक्युअर २.० कायद्याने ते काढून टाकले, म्हणून जुने लेख वाचून घाबरू नका.

मी सीपीए (इथली सीए) नाही. मी फक्त ही चूक तीन वर्षं करून बसलेली बाई आहे. २०२० मध्ये यांचे आरएसयू (कंपनीकडून मिळणारे शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, जोडप्याची मर्यादा ओलांडली गेली, आणि माझ्या रॉथमधले ६,००० तसेच राहिले. पत्ता लागला २०२३ च्या उन्हाळ्यात. २०२०, २१, २२ या तीन वर्षांचे ३६० प्रमाणे १,०८० भरले, प्रत्येक वर्षासाठी वेगळा ५३२९ फॉर्म. मुदत गेल्यावर मात्र फक्त जादा रक्कम काढावी लागते, वाढ खात्यातच राहते. तेवढं एकच सुख. ३१ डिसेंबरच्या आत काढले म्हणून २०२३ चा दंड वाचला.

जर्सीतला_साताऱ्याचा

काकू, नमस्कार करतो. आता माझा हिशेब बघा. १,७५० वर माझ्या २४ टक्क्यांच्या पट्टीत केंद्राचा टॅक्स किती? ४२०! म्हणजे दंड भरला तरी ४२० आणि दंड टाळला तरी ४२०. हा आकडा माझ्या कुंडलीतच आहे.

दोन शंका.

एक, कुठेतरी वाचलं की सेपरेट फाइल करणारा नवराबायको वर्षभरात एकत्र राहिलेच नसतील तर अविवाहितांची मर्यादा लागते. मग मी सुटलो ना? ती तिकडे, मी इकडे.

दोन, पैसे बाहेर न काढता ट्रॅडिशनल आयआरएत (ज्यात भरण्यावर वजावट मिळू शकते आणि काढताना टॅक्स लागतो ते खातं) ढकलायची सोय आहे म्हणतात. ते कसं?

बे_एरियाचा_बापू

पहिल्या शंकेचं उत्तर कायद्यातच आहे: 'वर्षात कधीही' एकत्र राहिला नसाल तर. ८ डिसेंबर ते २८ डिसेंबर तू कुठे होतास, राजा? सासरी वेगळ्या खोलीत? 'अमेरिकेत एकत्र राहणं' असा शब्द तिथे नाही. वीस दिवस एका घरात राहून 'कधीही नाही' असं लिहायला मी तरी धजावणार नाही.

दुसऱ्या शंकेचं: त्याला रीकॅरेक्टरायझेशन म्हणतात. ७,००० आणि त्यांची वाढ असे ८,७५० रॉथमधून ट्रॅडिशनलमध्ये जातात, जणू पहिल्या दिवसापासून तिथेच भरले होते. मुदत तीच, १५ ऑक्टोबर. ट्रॅडिशनलमध्ये भरायला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. फक्त तुला नोकरीत ४०१के (कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) आहे आणि तू सेपरेट फाइल केलंस, म्हणून वजावट मिळणार नाही. ८६०६ फॉर्म भरायचा, म्हणजे 'यातल्या ७,००० वर टॅक्स आधीच दिलाय' याची नोंद राहते. वाढीवर आत्ता टॅक्स नाही. मग हवं तर ते रॉथमध्ये कन्व्हर्ट कर.

पण कन्व्हर्ट करण्याआधी सांग, जुन्या नोकरीचा ४०१के कुठल्या रोलओव्हर आयआरएत (तोही ट्रॅडिशनलच धरतात) टाकून ठेवलायस का? असेल तर प्रो-राटा नियम (सगळी शिल्लक एकत्र धरून त्या प्रमाणात टॅक्स) लागतो आणि सगळी मजा जाते.

विषय निघालाच आहे तर ४०१केचंही सांगून ठेवतो, कारण तिथे १५ ऑक्टोबर नाही. २०२४ मध्ये मी जूनमध्ये नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत १२,४०० कापले होते, दुसरीत १३,६००. बेरीज २६,०००, मर्यादा २३,०००. मर्यादा माणशी असते, कंपनीमागे नाही, आणि दुसऱ्या कंपनीला पहिलीचं काही माहीत नसतं. डब्ल्यू-२ च्या बाराव्या रकान्यातले 'डी' खुणेचे दोन आकडे (४०१केत कापलेली रक्कम) बेरीज करून बघायची बुद्धी मला झाली मे महिन्यात. जादा रक्कम काढून घ्यायची मुदत १५ एप्रिलची, एक्स्टेन्शन घेतलं तरी ती पुढे सरकत नाही. आता ते ३,००० तिथेच अडकलेत. २०२४ च्या उत्पन्नात धरून त्यांच्यावर टॅक्स भरला, आणि म्हातारपणी काढताना पुन्हा भरणार. सहा टक्क्यांचा दंड नाही, पण एकाच पैशावर दोनदा टॅक्स. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जर्सीतला_साताऱ्याचा

बापू, सासरी नव्हतो, आमच्याच घरी होतो, आणि खोली एकच होती. मुद्दा मान्य.

रोलओव्हर आयआरए आहे हो. पहिल्या नोकरीचे ३१,०००. म्हणजे गेली मजा?

बे_एरियाचा_बापू

३१,००० आणि हे ८,७५० मिळून ३९,७५०. त्यात टॅक्स भरलेले ७,०००. म्हणजे कन्व्हर्ट करशील त्या दर डॉलरमागे साधारण १८ सेंट टॅक्समधून सुटणार, बाकीच्यावर टॅक्स. आत्ताच्या कंपनीचा ४०१के बाहेरून पैसे घेत असेल तर ते ३१,००० आधी तिकडे हलव. ३१ डिसेंबरला आयआरएत काय शिल्लक आहे ते बघतात. त्याआधी हलले की झालं.

टेक्सासची_सून

सगळे सात हजारांच्या मागे लागलात. मला कळत नाही, मुळात दादांनी सेपरेट का फाइल केलं, हे कुणीच विचारत नाहीये?

माझं हेच झालं होतं. नोव्हेंबरमध्ये लग्न, मी भारतात, यांनी सेपरेट भरलं कारण 'तिचा नंबर नाही'. नंबर नसणं हे कारणच नाही. नंबर रिटर्नसोबतच मागता येतो.

३१ डिसेंबरला लग्न झालेलं असलं की पूर्ण वर्ष विवाहित धरतात. नवरा इथला टॅक्स रेसिडेंट असेल तर बायकोलाही रेसिडेंट धरा असं दोघांनी सही करून लिहून देता येतं (कलम ६०१३ जी), आणि मग जॉइंट रिटर्न भरता येतं. सेपरेट भरून झालं असेल तरी तीन वर्षांत १०४०-एक्सने जॉइंट करता येतं. उलटं नाही, हं! जॉइंट भरलेलं मुदतीनंतर सेपरेट होत नाही.

जॉइंट झालं की २०२४ ची रॉथची मर्यादा २,३०,००० पासून सुरू होते. तुमचे ७,००० मग जादा उरतच नाहीत. काढायचं काही नाही, ढकलायचं काही नाही.

अट एकच, पण मोठी आहे. तिचं २०२४ चं भारतातलं उत्पन्न इथे दाखवावं लागेल. पूर्ण वर्षाचं, लग्नाआधीचंही. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. वहिनी नोकरी करत होत्या का?

जर्सीतला_साताऱ्याचा

करत होती. पुण्यात, वर्षाला ९ लाख. म्हणजे अकरा हजार डॉलर धरा.

थांबा, मी आत्ता बसून कागदावर मांडलं. सेपरेट: १,३२,००० वजा १४,६००, टॅक्स २१,२०० च्या आसपास. तेवढाच भरला होता. जॉइंट: १,४३,००० वजा २९,२००, टॅक्स १५,१०० च्या आसपास, आणि यात भारतातल्या टॅक्सचं क्रेडिट अजून धरलेलंच नाही.

सहा हजार डॉलर?? मी ४२० साठी तीन रात्री झोपलो नाही, आणि सहा हजार मार्चपासून त्यांच्याकडे पडून आहेत?

हे बायकोला वाचून दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न: माझ्या एसआयपीचं काय? तिच्या दोन म्युच्युअल फंडांत महिन्याला पाच-पाच हजार रुपये जातात, तीन वर्षं झाली. शिवाय पीएफ.

टेक्सासची_सून

विचारलं ते बरं केलं वहिनींनी. भारतातले म्युच्युअल फंड म्हणजे इथल्या भाषेत पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी). नफ्याचा हिशेब किचकट आणि टॅक्स जबर. पण जॉइंट रिटर्नमध्ये वर्षाच्या शेवटी अशा सगळ्या फंडांची किंमत मिळून ५०,००० डॉलरच्या आत असेल, आणि त्या वर्षात काही विकलं नसेल, तर ८६२१ फॉर्म सहसा लागत नाही. तीन वर्षं दहा हजार रुपये महिना म्हणजे चारपाच हजार डॉलर. २०२४ मध्ये काही विकलं होतं का? नसेल तर तूर्त निवांत राहा.

आणि तशाही वहिनी फेब्रुवारीपासून इथे आहेत. २०२५ साठी दिवस मोजूनच त्या रेसिडेंट ठरतील, ते फंड कधीतरी समोर येणारच होते. नवी एसआयपी मात्र थांबवा. मी आणखी दोन वर्षं चालू ठेवली, 'बंद कशाला करायची, चांगली चाललीय' म्हणून. ती विकताना किती टॅक्स गेला ते इथे लिहीत नाही.

आता कागद. १०४०-एक्स, दोघांच्या सहीचं ते निवेदन, डब्ल्यू-७ (आयटीआयएनचा अर्ज), आणि वहिनींच्या पासपोर्टची प्रमाणित प्रत. मूळ पासपोर्ट टपालात घालू नका. सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट बघून हातात परत देतात आणि पुढचं पाठवतात. हे सगळं ऑस्टिनला आयटीआयएनच्या खात्याकडे कागदावर जातं, ई-फाइल नाही. राज्याचं रिटर्नही मग बदलावं लागेल.

हिशेबनीस_काकू

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे पोरीचं.

फक्त तारखेचा विचार करा. जॉइंट करायला तीन वर्षं आहेत, पण पैसे बिनदंड काढायची सोय १५ ऑक्टोबरला संपते. त्यामुळे 'करू निवांत' म्हणू नका. जॉइंट करायचं ठरलं तर सप्टेंबरमध्येच कागद पाठवा. एखादा कागद कमी पडून परत आलाच, तर १५ ऑक्टोबरच्या आत दुसरा मार्ग हाताशी राहील. नाहीतर न जॉइंट, न काढलेले.

आणि आत्ता ब्रोकरला फोन करू नका! मी आधी सांगितलेलं मागे घेते. एकदा रीकॅरेक्टराइज केलं की ते परत फिरवता येत नाही.

घाईत_असतो

मी म्हटलंच होतं, एवढं काय त्यात.

जर्सीतला_साताऱ्याचा
१२ ऑक्टोबर २०२५

कळवायचं राहिलं होतं.

एडिसनमध्ये एक एजंट मिळाले, त्यांनी पासपोर्ट बघून अर्ध्या तासात परत दिला. फॉर्म १६ पुण्याच्या कंपनीकडून मिळवायला मात्र अकरा दिवस गेले, नोकरी सोडलेल्या माणसाला तिथे कुणी ओळखत नाही. दुसरी गंमत म्हणजे भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून दोन फॉर्म १६ घेऊन बारा पगारपत्रकं एकेक करून जोडावी लागली. ते काम बायकोनेच केलं, मला जमलं नसतं. तिच्या एफडीचं २,१०० रुपये व्याजही तिने शोधून काढून लावलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, तुझं 'राहू दे'मुळेच हे सगळं झालंय.

९ सप्टेंबरला पाकीट ऑस्टिनला गेलं. पोचल्याची पावती आहे. आयटीआयएन अजून आलेला नाही, पण कागद परतही आलेले नाहीत. रॉथला हात लावलेला नाही. एसआयपी दोन्ही थांबवल्या.

मूळ रिटर्न करून देणाऱ्यांना फोन केला होता. ते म्हणाले, रॉथ आहे हे तुम्ही सांगायला हवं होतं. मी विचारलं, आणि जॉइंट भरता येतं हे? त्यावर ते म्हणाले, यंदा या, नवीन ग्राहकांचा दर लावू.

बापू, तुमच्या बायकोला सांगितलंत का?

बे_एरियाचा_बापू

तिने हा धागा वाचला.